बर्थाबाईंचा ब्रेक

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी मी लिहितेय हे ऐकून माझ्या रूममेटला हसू आवरेना. तिचंही बरोबर आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मराठी होती ती आठवड्यातून चार तास आणि मार्कांपुरती. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळ तपासून घेईलच, तरी चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. ज्या बाईंबद्दल लिहायचंय त्यांचं नाव मी सेमिनारच्या वेळी वाचलं होतं, पण खरी ओळख झाली ती अमळनेरच्या एका गॅरेजात, उघड्या ब्रेक ड्रमसमोर उकिडवी बसलेली असताना. ते सगळं डोक्यात मराठीतच घडलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर पुन्हा सेमिनार रिपोर्टच झाला असता.

तर आधी आमच्या गाडीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या घरी एक जुनी व्हॅन आहे. दिवाळीच्या आधी पप्पांनी तिचे मागचे ब्रेक शू बदलून घेतले. जुने पार झिजले होते. नवे बसवून गाडी घरी आली, पायाचा ब्रेक झकास लागत होता, सगळे खूश. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आजीला घेऊन बोरी नदीच्या बाजूला गेलो. तिथे रस्ता पात्राकडे उतरतो. पप्पांनी उतारावरच गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि समोरच्या दुकानात गेले. बंद गाडी गिअरमध्ये ठेवायची सवय त्यांना नाही. आजी मागच्या सीटवर, मी पुढचं दार उघडून एक पाय बाहेर टाकलेला, आणि गाडी हलली. जोरात नाही, अगदी सावकाश, बैलगाडी निघते तशी. मी हँडब्रेक होता तिथून आणखी वर ओढला. गाडी कुरकुरली, मंद झाली, पण थांबली काही नाही. शेवटी धाकट्या भावाने पळत येऊन पुढच्या चाकाखाली अर्धी वीट सारली तेव्हा थांबली. आजीला काही कळलंच नाही. पोहोचलो का, एवढंच तिने विचारलं.

कुणाला काही लागलं नाही, पण माझे हात नंतर बराच वेळ थरथरत होते. त्याहून जास्त लागलं ते पप्पांनी संध्याकाळी विचारलं ते. नवा पार्ट टाकला आणि ब्रेक जुन्यापेक्षा कमजोर झाला, हे कसं काय? मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला. ड्रम ब्रेकचं गणित परीक्षेत पूर्ण सोडवून आलेली. आणि मला उत्तर देता येईना! घर्षणांक वाढला की ब्रेकिंग टॉर्क वाढतो एवढं मला माहीत. मग नवं, न झिजलेलं लायनर कमी का धरतं?

गाडी पुन्हा गॅरेजात गेली (कुठल्या ते लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको). त्यांनी दोन मिनिटांत केबल ताणून दिली. आधी आठ-नऊ टकटक वर यायचा तो लिव्हर आता तिसऱ्या टकला घट्ट. आम्ही पुन्हा खूश. दुसऱ्या दिवशी धुळ्याहून परत येताना मागून जळका वास यायला लागला. चाकाजवळ हात नेला तर भट्टी! केबल सैल करून घेतली तर हँडब्रेक पुन्हा ढिम्म.

मग आम्ही एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे गेलो. त्यांनी आमची कहाणी निम्मीच ऐकली आणि सगळ्यात आधी केबल पूर्ण सैल केली. मग गाडी जॅकवर घेऊन, खाली घोड्या लावून ड्रम काढला. मला जवळ बोलावून नव्या लायनरवर बोट ठेवलं. बरोबर मधोमध दोन बोटं रुंदीचा पट्टा चकचकीत झाला होता. बाकी लायनर पेटीतून काढलं तसंच कोरं. म्हणजे एवढ्या मोठ्या लायनरपैकी ड्रमला टेकत होतं फक्त तेवढंच.

आता कोडं सुटलं. ड्रम वर्षानुवर्षं आतून झिजतो, त्याचं वर्तुळ थोडं मोठं होतं. जुना शू त्याच्यासोबतच झिजलेला असतो, दोघांची गोलाई जुळलेली असते, जुन्या नवरा-बायकोसारखी. नवा शू येतो तो मूळ मापाचा. त्याची गोलाई ड्रमपेक्षा लहान, म्हणून तो फक्त मध्यावर टेकतो. पायाच्या ब्रेकला हे कळत नाही, कारण तिथे ऑइलचा दाब असतो आणि बरंचसं काम पुढची चाकं करतात. हँडब्रेकला मात्र फक्त मागची दोन चाकं आणि एका हाताची ताकद, तीही केबलमधून. म्हणून लबाडी पहिल्यांदा तिथे उघडी पडते.

दुसरी गंमत म्हणजे दोन शूंच्या मधला ॲडजस्टर. ड्रम चटकन बसावा म्हणून तो पूर्ण आत घेतला होता आणि तसाच राहिला. त्यामुळे लिव्हरची निम्मी ओढ शू ड्रमपर्यंत नेण्यातच संपत होती. हे अंतर झाकायला केबल ताणली, तर आतला हँडब्रेकचा दांडा कायमचा अर्धा ओढलेला राहिला, शू आपल्या जागी परत जाईनात आणि ड्रम तापला. मिस्तरींनी व्हील सिलेंडर गळतोय का ते पाहिलं, लायनरला ऑइल लागलेलं नाही याची खात्री केली, पॉलिश पेपरने ड्रमचा आणि लायनरचा चकाकीचा थर काढला. चाक फिरवलं की हलकीशी सुर्र ऐकू येईल इतका ॲडजस्टर बाहेर काढला, दोन-चार वेळा पॅडल दाबायला लावलं, आणि सगळ्यात शेवटी केबलला हात लावला. दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवा, ब्रेक बसायला वेळ लागतो, असं बजावलं. आतली धूळ त्यांनी फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते छातीत जातं, हे त्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होतं.

काम करता करता ते सांगत होते की पूर्वी तयार शू कुठे मिळायचे, जुन्या शूवरच नव्या लायनरची पट्टी रिव्हेट मारून बसवायची. हातोडीने रिव्हेट ठोकायची त्यांची ॲक्शन बघितली आणि मला एकदम सेमिनारसाठी वाचलेलं पान आठवलं. ब्रेकवर पट्टी ठोकण्याचं हे काम मोटारगाडीच्या बाबतीत पहिल्यांदा एका मोच्याने केलं होतं, आणि त्याच्याकडून ते करून घेणारी होती दोन मुलांची हात धरून निघालेली एक आई. तिचं नाव बर्था बेंझ.

बेंझ म्हणजे तेच, मर्सिडीजवाले. पण मर्सिडीज बाजूला ठेवा, कारण या बाईंच्या आयुष्यात ऐश्वर्य फार उशिरा आलं आणि फार टिकलंही नाही.

त्यांचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या बाडेन संस्थानातल्या फोर्ट्सहाइम गावी. माहेरचं आडनाव रिंगर. वडील सुतारकाम आणि बांधकाम करून सधन झालेले. लेक जन्मली तेव्हा त्यांनी घरच्या बायबलमध्ये, दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली अशा अर्थाची नोंद केली आणि पुढे मुलीने ती वाचली, असं तिच्याबद्दल सांगतात. हे वाचताना मला फार परदेशी वाटलं नाही. आमच्या गल्लीत पेढे आणि बर्फीचा फरक अजून सगळ्यांना कळतो.

मुलगी हुशार, यंत्रांची आवड असलेली. पण त्या काळी बाडेनमध्ये मुलींना विद्यापीठाचं दारच बंद होतं, ते उघडलं १९०० मध्ये. तेव्हा बर्थाबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. आमच्या वर्गात साठ जणांत आम्ही सहा मुली आहोत आणि वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना अजूनही कुणीतरी मदतीला येऊन फाइल हातातून काढून घेतं. पण निदान दार तरी उघडं आहे.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची कार्ल बेंझशी ओळख झाली. कार्ल इंजिनियर, कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमधून शिकलेला. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, ते याच्या लहानपणीच वारलेले. खिशात पैसा नाही, डोक्यात मात्र घोड्याशिवाय चालणारी गाडी. १८७१ मध्ये त्याने मानहाइमला एका भागीदाराबरोबर वर्कशॉप काढलं. भागीदार भरवशाचा निघाला नाही, हत्यारं जप्त होण्यापर्यंत वेळ आली. तेव्हा बर्थाने काय करावं? लग्नाआधीच आपला हुंडा मागून घेतला आणि त्या पैशांतून भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर काढलं. २० जुलै १८७२ ला लग्न झालं.

यातली कायद्याची बाजू मला नंतर कळली. त्या काळच्या कायद्याप्रमाणे लग्न न झालेली मुलगी आपल्या पैशाचा व्यवहार करू शकत होती, पण लग्न झालं की तो अधिकार नवऱ्याकडे जायचा. म्हणजे जिने कंपनी वाचवली तिला लग्नानंतर त्याच कंपनीत मालक म्हणून सही करायचा हक्क उरला नाही. हुंडा या शब्दाची आपल्याला इतकी चीड आहे, आणि असायलाच हवी, पण हुंड्याच्या पैशाने नवरा नव्हे तर वर्कशॉप विकत घेणारी नवरी मी तरी दुसरी वाचलेली नाही.

पुढची दहा-बारा वर्षं ओढाताणीची. मुलं होत गेली. ऑयगेन, रिचर्ड, क्लारा, मग थिल्डे, आणि बऱ्याच वर्षांनी एलेन. (उच्चारांची खात्री नाही, जर्मन येणाऱ्यांनी माफ करावं.) ऑटोच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं पेटंट आडवं येत होतं म्हणून कार्ल टू-स्ट्रोकच्या मागे लागला होता. इंजिन महिनोन् महिने चालू व्हायला तयार नव्हतं. १८७९ च्या ३१ डिसेंबरला रात्रीचं जेवण झाल्यावर बर्थानेच आग्रह केला, चला, अजून एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन बघू. गेले, फिरवलं, आणि इंजिन चाललं! बंद पडायची वाट बघत दोघं तिथे उभे राहिले आणि बाहेर गावात नव्या वर्षाच्या घंटा वाजायला लागल्या. ही हकिगत खुद्द कार्लने म्हातारपणी आठवणींत लिहून ठेवली आहे. आपण थर्टी फर्स्टला काय करतो ते इथे लिहीत नाही, रेक्टर सर हे वाचतात.

१८८३ मध्ये नवे भागीदार मिळून बेंझ अँड कंपनी झाली. २९ जानेवारी १८८६ ला तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट दाखल झालं, नंबर ३७४३५. एक सिलेंडर, ९५४ सीसी, पाऊण हॉर्सपॉवर. आपल्या मेसच्या पाण्याची मोटर यापेक्षा दांडगी असेल. पेटंटवर नाव एकट्या कार्लचं.

आता गाडी झाली, पेटंट झालं, पण गिऱ्हाईक येईना. लोक हसायचे, घोडे बुजायचे. आणि कार्लचा स्वभाव असा की अजून थोडं सुधारतो मग बाहेर काढतो. गाडी वर्कशॉपच्या आसपास फिरायची आणि परत आत जायची. आमच्या बॅचमध्येही एक प्रोजेक्ट ग्रुप असाच आहे. त्यांचं मॉडेल टेबलावर सुंदर चालतं, कॉरिडॉरमध्ये आणलं की चाक निघतं, म्हणून ते टेबलावरच ठेवतात! दोन वर्षं बर्थाबाईंनी हे पाहिलं. पैसा त्यांच्या माहेरचा अडकलेला, वय एकोणचाळीस, घरात चार मुलं.

ऑगस्ट १८८८. शाळांना सुट्टी. एके दिवशी भल्या पहाटे, कार्ल झोपेत असताना, बर्थाबाईंनी पंधरा वर्षांच्या ऑयगेनला आणि तेरा वर्षांच्या रिचर्डला बरोबर घेतलं, आवाज नको म्हणून गाडी ढकलत बाहेर काढली आणि मग चालू केली. सांगायला कारण एकच, माहेरी आईला भेटायला जातोय. मानहाइम ते फोर्ट्सहाइम, १०४ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अमळनेरहून निघून जळगावला जाऊन परत यावं जवळजवळ इतकं. तोवर अमळनेरला रेल्वेही आलेली नव्हती. एवढ्या लांब मोटारगाडी कुणीच नेली नव्हती. रस्ते बैलगाडी-घोडागाडीचे, वेग जेमतेम सायकलचा.

वाटेतल्या अडचणींची यादी इंटरनेटवर सगळीकडे मिळते, म्हणून पटकन सांगते. पेट्रोल पंप नव्हते, तेव्हा वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, ते कपड्यांवरचे डाग काढायला विकलं जायचं. आज ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंजिन गार ठेवायला पाणी सारखं उडून जायचं, ते विहिरीतून, खानावळीतून, मिळेल तिथून भरायचं. चेन सैल पडली तेव्हा ब्रुखझालच्या लोहाराने मदत केली. इंधनाची नळी तुंबली तेव्हा बाईंनी हॅटची पिन घालून साफ केली, वायरचं इन्शुलेशन गेलं तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळला. चढावर गाडी दम टाकायची, तिथे पोरांनी उतरून ढकललं.

हॅटपिन आणि मोज्याचा पट्टा सगळ्यांना फार आवडतो, कारण बायकांच्या वस्तू आहेत आणि गोष्ट चटपटीत होते. माझं मत वेगळं आहे. हॅटपिन नसती तर गाडी थांबली असती, एवढंच. खरी जिवावरची गोष्ट पुढे आली, फोर्ट्सहाइम जवळ येत असताना. तो भाग डोंगराळ आहे, ब्लॅक फॉरेस्टचं टोक. चढ चढायला पोरं होती, उतार उतरताना कोण?

गाडीचा ब्रेक म्हणजे हाताने ओढायचा लिव्हर आणि त्याने दाबला जाणारा लाकडी ठोकळा. पायाचा ब्रेक वगैरे भानगड नाही. आपण आज ज्याला हँडब्रेक म्हणतो तोच त्या गाडीचा एकुलता एक ब्रेक होता. लाकूड वाईट असतं असं नाही. आपल्या खान्देशातल्या रथांना आजही चाकाखाली लाकडाची मोगरी देऊनच वळवतात, थांबवतात. जळगावच्या रामरथाची मोगरी देणारी माणसं ज्याने पाहिली आहेत त्याला लाकडाची ताकद माहीत आहे. पण मोगरी दिली की रथ तिच्यावर अडतो, काम क्षणाचं. मोटारीचा ठोकळा लांबच्या लांब उतारावर सतत घासत राहतो. लाकूड तापतं, करपतं, गुळगुळीत होतं, झिजतं. झिजलं की लिव्हर आणखी लांब ओढावा लागतो, आणि एका हद्दीनंतर ओढायला जागाच उरत नाही. बोरीकाठी माझ्या हातात आलेला लिव्हर हाच होता! फरक एवढाच की माझ्या भावाला वीट मिळाली. बर्थाबाईंच्या गाडीत त्यांची दोन पोरं होती आणि समोर उतार.

बाउश्लॉट नावाच्या खेड्यात त्यांनी गाडी थांबवली आणि मोची गाठला. लोहार नाही, सुतार नाही, मोची. त्याच्याकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले.

मी यावर बराच विचार केला. सुतार गाठला असता तर त्याने नवा लाकडी ठोकळा करून दिला असता. म्हणजे झिजलेल्या पार्टच्या जागी तसाच नवा पार्ट, आमच्या पहिल्या गॅरेजसारखा. तोही कोरा, कडक, मापात थोडा इकडे-तिकडे, दोन-तीन ठिकाणीच टेकणारा. चामडं मऊ. दाबलं की समोरच्या गोलाईला आपोआप जुळतं, खाचखळग्यात बसतं, सगळीकडून धरतं. शिवाय झिजायचं ते चामडं झिजतं, ठोकळा शाबूत राहतो, आणि पुढच्या गावात दुसरा मोची असतोच. आजच्या लायनरमागची कल्पना तंतोतंत हीच आहे. धरणारा भाग वेगळा, त्याला आधार देणारा वेगळा, आणि धरणारा भाग मुद्दाम झिजू द्यायचा. सुताराच्या मुलीने सुतार सोडून मोची निवडला, हे मला हॅटपिनपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. ब्रेकच्या त्या भागाला शू म्हणतात हा मात्र योगायोग. तो शब्द बग्ग्यांच्या काळापासूनचा आहे.

अंधार पडायच्या सुमारास तिघं धुळीने माखलेले फोर्ट्सहाइमला पोहोचले आणि कार्लला तार केली. काही दिवसांनी वेगळ्या, थोड्या जवळच्या रस्त्याने त्याच गाडीतून परत आले. परत येताना ब्रेकवर चामडं होतं.

घरी आल्यावर बाईंनी काय काय सुधारायचं ते नवऱ्याला सांगितलं. चढासाठी आणखी एक कमी वेगाचा गिअर हवा, ब्रेकला धरणारं अस्तर हवं. कार्ल हट्टी असला तरी ऐकणारा होता. गिअर पुढच्या गाड्यांत आला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९४ मध्ये व्हेलो नावाची छोटी गाडी आली आणि १८९९ पर्यंत बेंझ कंपनी वर्षाला ५७२ गाड्या करून जगात पहिल्या नंबरवर गेली. चामड्याची पट्टी तिथेच थांबली नाही. १८९७ पासून इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी लायनरचा धंदाच उभा केला, पुढे त्यात ॲस्बेस्टॉस आलं, आणि त्याचे परिणाम कळल्यावर कितीतरी देशांत बंदही झालं. १९०२ मध्ये लुई रेनॉने ब्रेक ड्रमच्या आत नेला. तिथून आमच्या व्हॅनपर्यंत फार मोठा पल्ला नाही. आतली रचना पाहिली तर मला तर वाटतं रेनॉ साहेबांनाही आमचा ड्रम उघडून ॲडजस्ट करता आला असता.

बेंझ कुटुंबाचं पुढचं आयुष्य मात्र चढत्या आलेखाचं नाही. कंपनीतल्या मतभेदांमुळे १९०३ मध्ये कार्ल कारभारातून बाहेर पडला. १९०६ मध्ये त्याने मुलासोबत लाडेनबुर्गला वेगळी छोटी कंपनी काढली आणि सगळे तिकडेच राहायला गेले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत कागदाइतकी झाली, त्यात बचतही गेली. १९२६ मध्ये जुनी बेंझ कंपनी आणि डाइमलर एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ ला कार्ल वारला. (तेव्हा आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवत होते. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.) बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षं त्याच घरात राहिल्या.

कार्लला त्याच्या कॉलेजने, कार्ल्सरूहने, १९१४ मध्येच मानद डॉक्टरेट दिली होती. त्याच संस्थेने बर्थाबाईंना मानद सिनेटर केलं ते ३ मे १९४४ ला, त्यांच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी. बाहेर दुसरं महायुद्ध चालू. दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला, त्या गेल्या. ज्या वयात विद्यापीठात जायचं तेव्हा दार बंद, आणि जायच्या दोन दिवस आधी विद्यापीठ स्वतः दारात. अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ ला लागलं, बर्थाबाईंचं २०१६ ला. बत्तीस वर्षांचा गॅप. त्या वाटेला मात्र २००८ पासून बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून अधिकृत नाव आहे, वीसलोख, ब्रुखझाल, बाउश्लॉट सगळी गावं त्यावर लागतात. त्या मोच्याचं नाव कुठे वाचायला मिळालं नाही याची मला चुटपुट आहे.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी हे सगळं मिस्तरींना सांगितलं. ते हातातलं काम न थांबवता ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, बाईने परत येताना चामडं बदललं का? मला सांगता आलं नाही. त्यांच्या मते बदललंच असणार, एवढ्या उताराला एक चामडं पुरणार नाही.

तिथून आम्ही गाडी घेऊन पुन्हा बोरीच्या त्याच उतारावर गेलो. तोवर अडीचशेच्या वर किलोमीटर बेताने चालवून झाले होते, त्यात एक चोपड्याची आणि दोन धुळ्याच्या चकरा. या वेळी आजीला घरी ठेवलं होतं. गाडी उभी केली, न्यूट्रलमध्ये, मी पायाच्या ब्रेकवर पाय ठेवून हँडब्रेक ओढला. पाचव्या टकला घट्ट. हळूहळू पाय काढला. गाडी तसूभरही हलली नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं. उतरून मागच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहिला, कोमट. मी विजयाने पप्पांकडे बघितलं. तेही हसले, गाडी गिअरमध्ये टाकली आणि भावाला म्हणाले, जा, ती वीट आण.